खंड्याचा गुडघा

आमच्या घरी दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. पुण्यात गाय-वासरू दाराशी येण्याचे दिवस मागे पडले; तरी सौ. पाटावर मातीची गाय-वासराची जोडी मांडते आणि घरातली सगळी माणसे तिला हळदकुंकू वाहतात. दोन वर्षांपूर्वी, २०२३ साली, ही पूजा चालू असताना माझी नात मुक्ता एकदम म्हणाली, "आजोबा, गाईचा आज दिवस आहे, बैलांचा पोळा आहे, नागाचीसुद्धा पंचमी आहे. मग आपल्या खंड्याचा दिवस कुठे आहे?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मुलांच्या प्रश्नाला बगल देणे मला अजून जमत नाही. नेपाळात दिवाळीच्याच दिवसांत कुत्र्याच्या कपाळी टिळा लावून त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, हे मी तिला सांगितले. सांगण्याचा अवकाश, तिने दाराच्या तोरणातली फुले ओढून काढली आणि माळ करून कोपऱ्यात पडलेल्या खंड्याच्या गळ्यात घातली. त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, पण तो उठला नाही. "आळशी झालाय हो तुमचा खंड्या," फराळाला आलेले एक स्नेही म्हणाले.

पूर्वी मीही हेच म्हणत असे. तो आळस नव्हता, हे समजायला मला आठ महिने लागले आणि एक मोठी चूक करावी लागली. त्या चुकीची मला अजून लाज वाटते. पण पुढे या विषयावरचे जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा असे ध्यानात आले की माझ्या अज्ञानाला चांगली तीनशे वर्षांची परंपरा आहे, आणि तीत माझ्याहून कितीतरी मोठी माणसे बसलेली आहेत. त्या परंपरेची हकीकत आज सांगायची आहे.

आधी खंड्याची ओळख करून देतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने भुंकून महाराजांना वाघापासून सावध केले, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. मुलाने २०१५ साली घरात लाब्राडोर जातीचे तांबूस पिल्लू आणले, तेव्हा नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला आणि मी हेच नाव दिले. पालखी काही आम्ही देऊ शकलो नाही. त्याऐवजी पोळी, तूप, गूळ, बिस्किटे आणि जेवताना प्रत्येकाच्या ताटातला घास असे सगळे दिले. परिणामी सहाव्या वर्षी हा गडी ४२ किलोचा झाला.

२०२१ च्या पावसाळ्यात एके सकाळी तो अंगणातून परतला तो मागचा उजवा पाय उचलूनच. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा तुटला होता. माणसाच्या बाबतीत हा अस्थिबंध बहुधा खेळताना, पडताना, एका झटक्यात तुटतो. कुत्र्याचे तसे नसते. त्याचा दोर वर्षानुवर्षे विरत जातो आणि एक दिवस साध्या उडीचे निमित्त होते. शिवाय कुत्रा उभा असतो तोच गुडघा वाकवून. नडगीच्या हाडाचा वरचा माथा माणसात जवळजवळ सपाट असतो, तर कुत्र्यात तो मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार साधारण २५ अंशांचा भरतो. प्रत्येक पावलागणिक मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते आणि हा एवढासा दोर त्याला धरून ठेवतो. ४२ किलोंचे ओझे त्याने किती वर्षे धरून ठेवावे?

शस्त्रक्रिया झाली, आणि उत्तम झाली. नडगीच्या हाडाचा माथा कमानीसारखा कापून थोडा फिरवला, उतार कमी केला, आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून हाड पक्के केले. तीन महिन्यांनी खंड्या चारी पाय टेकून चालू लागला. आम्ही पेढे वाटले आणि प्रकरण मिटले असे समजलो.

इथेच चुकलो. तुटलेल्या दोराचा प्रश्न शस्त्रक्रियेने सुटतो. पण सांध्यात जी झीज सुरू झालेली असते ती थांबत नाही. सावकाश का होईना, ती पुढे जात राहते. हे डॉक्टरबाईंनी त्या वेळी सांगितलेही होते. मी ऐकले होते, पण घेतले नव्हते.

आता इतिहासाकडे वळू.

जनावराच्या दुखण्याकडे माणसाने लक्ष दिले ते प्रथम कुणाच्या? ज्याच्यावाचून अडते त्याच्या. आपल्याकडे पालकाप्याच्या नावावर हत्तींच्या वैद्यकाचा ग्रंथ आहे, शालिहोत्राच्या नावावर घोड्यांच्या वैद्यकाचा. हत्ती आणि घोडा ही राजाच्या सैन्याची अंगे. त्यांना ग्रंथ मिळाले. अशोकाची दृष्टी मात्र याहून मोठी होती. गिरनारच्या शिलेवरील त्याच्या दुसऱ्या लेखात माणसांची आणि पशूंची, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे आणि त्यासाठी औषधी वनस्पती लावल्याचे कोरलेले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समधील लिआँ शहरी निघाली ती १७६१ साली. तिचा संस्थापक क्लोद बूर्जला हा घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता, आणि गुरांच्या साथींनी देश हैराण झाला होता. घोडा आणि गुरे यांच्यासाठी ती शाळा निघाली. कुत्रा तिच्या दाराबाहेरच होता.

मुंबईत कुत्र्याचे नाव इतिहासात आले ते एका दंगलीने. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ च्या जूनमध्ये पारशी लोकांनी याविरुद्ध उठाव केला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी लागते, तिला 'सगदीद' म्हणतात. कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर लोक धावून गेले, बाजार बंद पडला आणि गोऱ्या सैन्याचा शिधा अडला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली, परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यक महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. मुंबईकरांनी या रुग्णालयाला आपल्या बोलीत नाव दिले, 'बैलघोडा हॉस्पिटल'. नावातच सगळे आले. बैल लंगडला तर गाडी अडते, घोडा लंगडला तर व्हिक्टोरिया अडते. कुत्रा लंगडला तर कुणाचे काय अडते?

पण अडण्याच्या हिशेबाआधी एक प्रश्न उरतोच. जनावराला दुखते का? आज हा प्रश्न वेडगळ वाटेल. सतराव्या शतकात तो मोठमोठ्या पंडितांनी विचारला होता. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली प्राण्यांची तुलना घड्याळासारख्या यंत्राशी केली. त्याच्या काही अनुयायांनी तर कुत्र्याचे विव्हळणे म्हणजे न वंगवलेल्या चाकाचे करकरणे, इथपर्यंत मजल नेली. इंग्लंडच्या बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा वाद निराळ्या वाटेवर नेला. प्राण्याला बुद्धी आहे का, भाषा आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याला यातना होतात का एवढेच विचारा, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश पार्लमेंटने १८२२ साली गुराढोरांना छळाविरुद्ध कायद्याचे संरक्षण दिले. त्या कायद्यात कुत्रा यायला १८३५ साल उजाडावे लागले.

१८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध करण्याचा प्रयोग सर्वांसमक्ष झाला, आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले. जनावरांवरही ही द्रव्ये वापरता येतात हे लवकरच दिसून आले. पण वापरता येणे निराळे आणि वापरणे निराळे. शस्त्रक्रियेच्या वेळी जनावरांना भूल द्यावी, असा कायदा ब्रिटनमध्ये झाला तो १९१९ साली. बॉस्टनच्या प्रयोगानंतर तब्बल ७३ वर्षांनी.

या मधल्या काळातली एक हकीकत मला विसरता येत नाही. १९०३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी टेरिअर कुत्र्यावर प्रयोग केला. दोन स्वीडिश बायका तो पाहायला बसल्या होत्या. कुत्रा नीट बेशुद्ध नव्हता, तो धडपडत होता, असे त्यांनी लिहिले. बेलिस म्हणाले, त्याला पुरती भूल दिली होती. स्टीफन कोलरिज यांनी भर सभेत बेलिसांवर आरोप केला, बेलिसांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो जिंकला आणि त्यांना दोन हजार पौंड मिळाले. पुढे १९०६ साली लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. त्यावरून विद्यार्थ्यांच्या दंगली झाल्या आणि १९१० साली तो हलवावा लागला. १९८५ साली तिथे नवा पुतळा बसला. कोण खरे बोलत होते, याचा निवाडा करणारा मी कोण? मला नवल याचे वाटते की एकाच कुत्र्याकडे, एकाच खोलीत, एकाच वेळी पाहणाऱ्या डोळस माणसांना दोन निरनिराळ्या गोष्टी दिसल्या. ज्याला विचारायचे त्याला वाचा नव्हती.

शस्त्रक्रियेचे तंत्र मात्र झपाट्याने पुढे गेले. कुत्र्याच्या गुडघ्यातला हा अस्थिबंध तुटतो याची नोंद जर्मन भाषेतील एका निबंधात १९२६ साली झाली. १९५२ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरी साकी पात्सामा यांनी आपल्या प्रबंधात मांडीवरच्या पातळ पडद्याची पट्टी काढून, हाडाला भोके पाडून, तुटलेल्या दोराच्या जागी ती ओवण्याची रीत सांगितली. १९७० साली अमेरिकेत सांध्याच्या बाहेरून मजबूत टाके घालून गुडघा आवळण्याची रीत निघाली. आणि १९९३ साली ऑरेगन राज्यातील बार्कली स्लोकम यांनी दोराचा नाद सोडून उताराचाच बंदोबस्त केला. तीच शस्त्रक्रिया आमच्या खंड्यावर झाली. ओढ्यावरचा साकव मोडला तर साकव पुन्हा बांधण्याऐवजी ओढ्याचीच वाट वळवावी, तसा हा प्रकार. त्या माणसाच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे.

परंतु टाके सुकल्यानंतरच्या दुखण्याचे काय? इथे इतिहास पुष्कळ वर्षे गप्प आहे. भूल देणे हे शस्त्रक्रियेच्या सोयीचेही होते, कारण जनावर हलत नाही. भूल उतरल्यावर मात्र, थोडे दुखलेले बरे, म्हणजे जनावर स्वस्थ पडून राहील, असे कित्येक पशुवैद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही मानत. त्यांना निर्दय म्हणण्यात अर्थ नाही. त्या काळी माणसाच्या तान्ह्या बाळांचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. नवजात बाळाला दुखणे पुरते कळत नाही, या समजुतीने त्यांच्यावर अगदी अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली आपल्या सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की वेदनाशामक न मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे शरीर शस्त्रक्रियेच्या धक्क्याने कितीतरी अधिक हादरते. बाळाला भाषा नव्हती. त्याच्या रक्ताने साक्ष दिली. ज्याला आपल्या पोटच्या पोराचे दुखणे कळत नव्हते, त्या माणसाने कुत्र्याचे ओळखावे ही अपेक्षा जरा मोठीच म्हणायची.

आता माझी चूक सांगतो.

शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभराने खंड्या बदलत गेला. सकाळी उठताना पुढच्या पायांनी अंग ओढू लागला. बसताना उजवा पाय बाजूला पसरून बसे. मुक्ता चेंडू टाकी. तो चेंडूकडे पाही आणि मग तिच्याकडे पाही. जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन थांबे. पण ओरडला मात्र एकदाही नाही. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हा माझा सरळ हिशेब. "वय झाले, आळस भरलाय," असे म्हणत मी त्याला रोज संध्याकाळी पर्वतीपर्यंत ओढत नेत असे. सौ. म्हणे, "अहो, त्याच्या डोळ्यांत काहीतरी आहे." मी हसण्यावारी नेई. असे आठ महिने गेले.

मग एका रात्री तो झोपेना. धापा टाकत इकडून तिकडे फिरू लागला. माझ्या कपाटात माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या होत्या, डायक्लोफिनॅकच्या. माणसाला चालते ते जनावराला चालेल, अशा अडाणी दयेने मी त्याला एक गोळी गुळात घालून दिली, आणि सकाळी आणखी एक. दुसऱ्या दिवशी त्याने जेवण सोडले. तिसऱ्या दिवशी काळी, डांबरासारखी विष्ठा झाली. त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. चार दिवस सलाइन लावावे लागले. डॉक्टरबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. "काका, कुत्र्याच्या घरात माणसाच्या गोळ्यांना कुलूप हवे," एवढेच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

या गोळ्यांच्या कुळाचा इतिहास विलक्षण आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने विलो झाडाच्या सालीची पूड तापावर गुणकारी असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याच कुळातले ॲस्पिरिन १८९७ साली जर्मनीत शुद्ध स्वरूपात तयार झाले. पण हे औषध शरीरात करते काय, हे जॉन व्हेन यांनी उलगडले १९७१ साली; त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सूज आणि दुखणे वाढवणारी काही द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते; ही औषधे ती तयार होऊ देत नाहीत. पण त्याच जातीची द्रव्ये जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाला रक्त पोचते ठेवतात. चोराबरोबर पहारेकरीही हाकलला जातो. प्रत्येक प्राण्याचे शरीर या औषधाचा निचरा आपापल्या गतीने करते, म्हणून माणसाला सोसते ते कुत्र्याला सोसत नाही.

आणि गिधाडाला तर मुळीच नाही. डायक्लोफिनॅक स्वस्त म्हणून आपल्याकडे लंगड्या, दुखणाईत गुरांना सर्रास देत. ती गुरे मेली की गिधाडे त्यांवर उतरत, आणि मांसातल्या अंशाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. एके काळी आकाश भरून टाकणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९० नंतरच्या काही वर्षांत शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाली. कारण कळले २००४ साली, पाकिस्तानातील संशोधनातून. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यास बंदी केली. २०२३ साली त्याच जातीची आणखी दोन औषधे जनावरांसाठी बंद केली. गिधाडे गेली आणि मुंबईच्या डोंगरवाडीवरील पारशांचे शतकानुशतकांचे अंत्यविधी अडले. ज्यांनी कुत्र्यांसाठी दंगल केली, त्यांची गिधाडे गुरांच्या दुखण्यावरील औषधाने नेली. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता.

खंड्या वाचला. तेव्हा डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून नव्याने शिकवले. कुत्र्यांसाठी तपासून घेतलेली वेदनाशामके आहेत. अमेरिकेत कारप्रोफेनला १९९६ साली मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून घरच्या कुत्र्याच्या दीर्घ दुखण्यावर रोज औषध देण्याची वहिवाट तिकडे रुळली. आपल्याकडे मेलोक्सिकॅम चांगलेच चालते. गिधाडांनाही ते सोसते असे संशोधनाने दाखवले आहे. २०२० साली युरोपात आणि २०२३ साली अमेरिकेत महिन्यातून एकदा टोचण्याचे, दुखण्याचा निरोपच अडवणारे नव्या तऱ्हेचे औषधही मान्य झाले. त्याच्याही तक्रारींची नोंद तिथल्या सरकारने २०२४ च्या अखेरीस पशुवैद्यांना कळवली. निर्धोक असे काहीच नाही. म्हणून खंड्याची गोळी जेवणानंतरच, डॉक्टरांनी मोजून दिली तेवढीच, आणि दर तीन-चार महिन्यांनी रक्ताची तपासणी.

"पण काका, गोळी ही शेवटची गोष्ट," त्या म्हणाल्या. "पहिले वजन." एका अमेरिकन अभ्यासात ४८ लाब्राडोर पिल्लांच्या, एकाच वेतातल्या, जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिले. २००२ साली निष्कर्ष आला. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा दिसली. आमच्या घरात यावर मोठी सभा भरली. गूळ बंद झाला, ताटातला घास बंद झाला. सौ. ला हे फार जड गेले. कुत्र्याने पळवलेल्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट सांगत ती वाढलेली. वर्षभरात खंड्या ४२ वरून ३३ किलोंवर आला, आणि वाटीतल्या कुठल्याही औषधाने झाला नसता एवढा फरक त्याच्या चालीत दिसला.

मग घर बदलले. गुळगुळीत फरशीवर दुखरा पाय घसरतो, म्हणून माजघरापासून अंगणापर्यंत सतरंज्या आणि काथ्याची पायपुसणी एकापुढे एक अंथरली. ओट्याच्या चार पायऱ्यांवर सुताराकडून आडव्या पट्ट्या मारलेली उतरती फळी बसवून घेतली. पर्वतीची एक लांब फेरी जाऊन वीस-वीस मिनिटांच्या दोन संथ फेऱ्या आल्या. थंडीत मांडीला गरम शेक आणि हलका चोळा, तोही तो देऊ देईल तेवढाच. जेवणाची वाटी पाटावर, म्हणजे मान खाली घालताना मागच्या पायांवर ताण नको.

आणि वही. ही डॉक्टरबाईंची सगळ्यांत मोठी देणगी. १९५२ साली ज्या हेलसिंकीत गुडघ्यात पट्टी ओवण्याची रीत निघाली, त्याच हेलसिंकीत या शतकाच्या पहिल्या दशकात कुत्र्याच्या जुनाट दुखण्याचे माप तयार झाले. त्यात यंत्र नाही, सुई नाही. अकरा प्रश्न आहेत, आणि ते घरच्या माणसाला विचारायचे. आज त्याचा मूड कसा? खेळायला येतो का? कण्हतो का? चालतो, दुडकतो, धावतो कसा? उडी मारतो का? आडवा कसा होतो, उठतो कसा? विसाव्यानंतर आणि दमल्यानंतर त्याच्या हालचाली कशा? प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४४. गुण जितके अधिक तितके दुखणे अधिक. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही स्पष्ट केले की बोलता न येणे हा वेदना नसल्याचा पुरावा नव्हे. मग तो माणूस असो वा प्राणी. बेंथॅमपासून सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ गेला तेव्हा इथवर पोचलो.

वही मुक्ता लिहिते. पहिल्या पानावर बेरीज २७ आहे. सहा महिन्यांनंतरच्या पानावर १३. मधल्या काळात एकदा ती एकदम २२ झाली होती. मागे पाहिले तर दिवाळी होती. फटाक्यांना घाबरून खंड्या पलंगाखाली शिरला होता आणि तिथून निघताना गुडघा पिरगळला होता. तेव्हापासून आमच्या वाड्यात फटाके वाजत नाहीत. शेजारच्या मुलांना मुक्ताने वही दाखवली. मला काही बोलावे लागले नाही.

या भाद्रपदात रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचे आकडे थोडे वर सरकलेले निघाले. खंड्या आता दहा वर्षांचा आहे. डाव्या गुडघ्यातही कुरकुर सुरू आहे. एक गेला की दुसरा जाण्याची शक्यता पुष्कळ असते. डॉक्टरबाईंनी वाटा स्पष्ट सांगितल्या. गोळी चालू ठेवली तर मूत्रपिंडावर भार; बंद केली तर दुखणे परत. दिवस किती मिळतील, हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. रात्री घरातली सगळी माणसे बसली. मुलाचे म्हणणे, आयुष्य वाढेल ते करावे. सौ. म्हणाली, "त्याला दिवस मोजता येत नाहीत. त्याला आजचा दिवस कळतो." शेवटी गोळीचे प्रमाण कमी करायचे, नसांच्या दुखण्यावरचे दुसरे औषध जोडायचे, आणि वहीतली बेरीज सलग आठवडाभर वीसच्या वर राहिली तर पुन्हा बसून ठरवायचे, असे ठरले. आकडा मुक्ताने लिहून ठेवला आणि त्याखाली आम्हा चौघांच्या सह्या घेतल्या.

हा लेख लिहीत असताना दिवाळीला तीन आठवडे आहेत. सौ. ने चकलीची भाजणी दळून आणली आहे. खंड्या तिच्या वासाने उठला, सतरंजीवरून सतरंजीवर पाय टाकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला आणि उजवा पाय बाजूला पसरून बसला. मुक्ताने वही उघडून मला विचारले, "आजोबा, उठताना किती लिहू? एक की दोन?"

मी चष्मा लावला, आणि त्याला पुन्हा एकदा उठवून न पाहता, तो आपण होऊन उठेपर्यंत वाट पाहत बसलो.